वानगी आणि पोते

(तरुण व प्रौढ वर्गांसाठी पाठ)

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे २२:१, २ करिंथ ३:१–३, फिलेमोन १७–१९

पाठाचा हेतू : आपल्या कामाचे नाव लोकांपुढे, विशेषतः इंटरनेटवर, कसे मांडावे आणि ते नाव कशाच्या आधाराने टिकते, हे समजून घेणे.

१. बाजारातली वानगी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाल बाजार आहे. डाळी, धान्य, साखर, तेल आणि किराणा यांचा हा घाऊक बाजार. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी ठेवली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. कित्येक मराठी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी आणि बाजारात हिंदी, असा त्यांचा नित्यक्रम. आजचा आपला पाठ घाऊक बाजाराच्या एका जुन्या रीतीवर आधारलेला आहे.

घाऊक बाजारात कोणी शंभर पोती उसवून पाहत नाही. दलाल किंवा दुकानदार मूठभर माल पुढे करतो. त्या मुठीला आपण मराठीत वानगी म्हणतो. घेणारा ती तळहातावर पसरतो, दाण्याचा आकार, रंग, ओल, खडे, कीड पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, वास घेतो. सौदा वानगीवर ठरतो, माल मात्र पोत्यांनी येतो. म्हणून पोती आली की दुसरी परीक्षा होते. एक टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतात आणि आतला दाणा बाहेर काढतात. उत्तरेकडील बाजारांत तिला परखी म्हणतात. वरच्या थरात काय आहे, याच्याशी परखीला कर्तव्य नसते. ती आतला माल दाखवते.

वानगी आणि पोते सारखे निघाले तर व्यवहार पुरा झाला. सारखे न निघाले तर भाव कापला जातो किंवा माल परत जातो. परंतु खरे नुकसान त्या दिवसाच्या हिशेबात दिसत नाही. पुढच्या खेपेस त्या दुकानदाराची वानगी हातात घेण्यापूर्वी लोक दोनदा विचार करतात.

आज पुष्कळ माणसे आपल्या कामाची ओळख इंटरनेटवर करून देतात. शिक्षक, परिचारिका, सुतार, शिंपी, लेखापाल, किराणा दुकानदार, घरगुती पापड-मसाले करणाऱ्या भगिनी, सर्वच आले. याला हल्ली ‘पर्सनल ब्रँड’ असे नाव पडले आहे. शब्द नवा आहे, पण प्रश्न जुनाच आहे. पडद्यावर आपण मांडतो ती वानगी होय, आणि आपले रोजचे काम हे पोते होय. दोन्ही सारखी आहेत काय, एवढेच या पाठात आपल्याला विचारायचे आहे.

२. पत म्हणजे काय?

ब्रँड या शब्दाला आपल्याकडे ‘छाप’ हा जुना शब्द आहे. परंतु व्यापारी माणूस छापेपेक्षा पत हा शब्द अधिक जपून वापरतो. छाप मालावर असते, पत माणसाची असते. छाप एका दिवसात छापून घेता येते. पत मात्र दुसऱ्यांनी द्यावी लागते आणि तीही व्यवहार होऊन गेल्यावर.

जुन्या काळी हुंडीचा सारा व्यवहार या पतीवर चाले. एका गावच्या पेढीने लिहिलेला कागद दूरच्या गावी दाखवला की रोख रक्कम मिळे. त्यात शाहजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. शाह म्हणजे बाजारात पत असलेला व्यापारी. शाहजोग हुंडीची रक्कम कोणाही आगंतुकाच्या हाती पडत नसे; अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या मार्फतच ती मागावी लागे. हुंडी वाटेत चोरीस गेली तरी ती वटवणे चोराला कठीण जाई, कारण त्याच्यासाठी उभा राहणारा पतवाला माणूस त्याला कोठून मिळणार? कागदावरील अक्षरांपेक्षा तो कागद आणणाऱ्याचे नाव मोठे होते.

एकाच्या नावाचा परिणाम शेजाऱ्यावरही होतो, हे बाजाराला ठाऊक असते. एका दुकानात खड्यांची डाळ मिळाली की गिऱ्हाईक साऱ्या गल्लीला नावे ठेवते. व्यापाऱ्यांनी एकत्र यावे यासाठी ग्वाल्हेरमध्ये १९०६ साली चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाली, आणि मध्य प्रदेश चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या नावाने ती आजही आहे. मालाची प्रत ओळखता यावी म्हणून १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला आणि त्यातून अ‍ॅगमार्कची खूण आली. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाकडून माल घ्यायचा तर मध्ये काहीतरी विश्वासाची खूण लागते, हे त्यामागचे कारण.

३. ऑनलाइन बाजारात काय बदलले?

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम ही शेतमालाची ऑनलाइन बाजारव्यवस्था सुरू केली. तीत शेतकऱ्याचा माल मंडीत आला की त्यातून नमुना काढतात, ओलावा, कचरा, तुटका दाणा इत्यादी तपासतात, आणि तो अहवाल संगणकावर चढवतात. दूरच्या व्यापाऱ्याने माल पाहिलेला नसतो. तो अहवाल पाहून बोली लावतो. म्हणजे तळहातावरची वानगी पडद्यावर गेली. तपासणी मात्र टळली नाही. उलट, जेथे हात पोचत नाही तेथे ती अधिक काटेकोर करावी लागली. आपल्या नावाचेही असेच आहे. तीन गोष्टी बदलल्या आहेत, त्या ध्यानात घ्याव्या.

पहिली गोष्ट अंतराची. लष्करातील एखाद्या शिंप्याचे काम त्याच्या गल्लीत सर्वांना माहीत असते. ‘अमक्याचा मुलगा’ एवढे सांगितले की तेथे पुरते. परंतु तोच मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला कामासाठी गेला की वडिलांची पत त्याच्याबरोबर जात नाही. तेथील मालकाला ना गल्ली माहीत, ना वडील. तो मोबाईलवर नाव शोधून पाहतो. तेथे काहीच सापडले नाही तर चांगला कारागीरही अनोळखीच राहतो. नोकरीधंद्याच्या ओळखीसाठी लिंक्डइन हे संकेतस्थळ २००३ साली सुरू झाले. छोट्या दुकानदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस भारतात २०१८ साली आले. अशा साधनांचा उपयोग करणे हा मोठेपणाचा हव्यास नव्हे. ज्याला आपण दिसत नाही त्याला आपली वानगी पोचवण्याचा तो मार्ग आहे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. बाजारात बोललेला कडू शब्द चार दिवसांनी लोक विसरतात. पडद्यावर लिहिलेला शब्द दहा वर्षांनीही निघतो. आपण तो पुसला तरी कोणी त्याचे चित्र काढून ठेवले नसेल, याची खात्री नसते. पंधराव्या वर्षी मित्रांच्या नादाने केलेली कुचेष्टा पंचविसाव्या वर्षी मुलाखतीच्या टेबलावर येऊ शकते. ही गोष्ट आपल्या तरुण वर्गाला वेळीच सांगणे शिक्षकांचे काम आहे.

तिसरी गोष्ट लिहिणाऱ्याची. पाटीवर काय लिहावे हे पूर्वी दुकानदार ठरवी. आता गिऱ्हाईकही पाटीवर लिहिते. तारे देते, अभिप्राय देते, फोटो लावते. आपण आपल्याविषयी काही लिहिले नाही तरी दुसरे लिहितातच. ही नव्या काळाची परखी होय.

४. निर्णयसागरचे उदाहरण

काम हीच वानगी कशी होते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या मुंबईत घडले, आणि त्याचा आरंभ एका मिशनच्या छापखान्यात झाला. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाइप घासून गुळगुळीत करण्याच्या कामास लागले. देवनागरी टाइप सुबक करण्यासाठी झटणारे टॉमस ग्रॅहम तेथे होते. त्यांच्या हाताखाली अक्षर कसे कापावे, कसे ओतावे हे या मुलाने पाहिले आणि शिकून घेतले. पुढे जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला.

निर्णयसागरच्या अक्षराचे वळण देशभर नावाजले गेले. संस्कृत ग्रंथांच्या त्यांच्या आवृत्त्या शुद्ध आणि सुबक म्हणून ओळखल्या गेल्या. १८८६ पासून त्यांची ‘काव्यमाला’ निघू लागली. युरोपातील विद्वानही ती पुस्तके वापरीत. १८९२ साली जावजी वारले, तरी छापखान्याचे नाव त्यांच्यामागे कित्येक दशके चालले.

हे नाव कसे झाले? छापलेले प्रत्येक पान हीच वानगी होती आणि तेच पोतेही होते. पुण्याच्या किंवा काशीच्या पंडिताने जावजींना पाहिलेले नसेल, परंतु पुस्तक उघडले की काना-मात्रा-वेलांटी त्याच्यापुढे साक्ष देत. चूक लपवायला तेथे जागा नव्हती. टाइप घासणाऱ्या मुलाजवळ ना घराण्याचे नाव होते, ना भांडवल. कामातला नेटकेपणा हेच त्याचे भांडवल.

५. मग आपले नाव पुढे करणे हा गर्व आहे काय?

आपल्यातील काही वडील मंडळी असे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. लोकांनी पाहावे म्हणून दानधर्म करू नये, असे आपल्याला शिकवले आहे. दिवा मापाखाली ठेवू नये, असेही शिकवले आहे. दोन्ही शिकवणी मत्तयाच्या शुभवर्तमानात जवळजवळ येतात, आणि त्यांचा मेळ कामाच्या बाबतीत असा घालता येतो : या मांडण्याने पाहणाऱ्याला काही उपयोगाचे कळते, की केवळ माझी वाहवा होते? ‘मी शिलाई करतो, हे माझे तीन नमुने, हा दर, इतक्या दिवसांत देतो,’ यात गिऱ्हाइकाची सोय आहे. ‘शहरातील सर्वश्रेष्ठ’ या शब्दांनी कोणाची सोय होत नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या आजीने अशा पाट्यांसाठीच सांगून ठेवली असावी.

६. वानगी कशी मांडावी?

(अ) नाव, पत्ता, फोन आणि कामाची वेळ सर्व ठिकाणी एकच ठेवावी. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. तेथे एक पत्ता, पाटीवर दुसरा आणि बिलावर तिसरा असला की सरळ माणसावरही संशय येतो.

(ब) पडताळून पाहता येईल असेच लिहावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने आपला चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक द्यावा. व्यापाऱ्याने जीएसटी क्रमांक द्यावा. हे दोन्ही क्रमांक सरकारी संकेतस्थळांवर कोणालाही तपासता येतात. नोकरी शोधणाऱ्याने पदवीचे वर्ष, संस्था आणि केलेले काम अचूक लिहावे. सहा महिन्यांच्या कामाचे एक वर्ष करू नये, आणि मदतनीस असताना प्रमुख म्हणवू नये. मुलाखतीत एकच प्रश्न खोलवर विचारला की आतला दाणा बाहेर येतो.

(क) स्वतःच्या कामाचेच फोटो लावावे. दुसऱ्याने केलेल्या कपाटाचा सुंदर फोटो लावून सुताराला काम मिळेल, पण ते काम त्याला त्या तोडीचे करून द्यावे लागेल. काम गिऱ्हाइकाच्या घरातले असेल तर फोटोपूर्वी त्याची परवानगी घ्यावी. मुलांच्या फोटोंविषयी तर विशेष जपावे.

(ड) थोडे मांडावे, पण नियमाने. महिन्यातून एक चांगला नमुना आणि त्याखाली चार सरळ ओळी पुरे. मराठीत लिहावे, हिंदीत लिहावे, आपल्या गिऱ्हाइकाला कळेल त्या भाषेत लिहावे.

(इ) ज्यांना हे साधन वापरता येत नाही त्यांना मदत करावी. आपल्या मंडळ्यांत किती तरी प्रौढ कारागीर आणि गृहिणी अशा आहेत की त्यांचे पोते उत्तम आहे, पण वानगी कोणी पाहिलेली नाही. तरुण संघाने एक दुपार त्यांच्यासाठी द्यावी.

७. खोटी वानगी

आता एका दुखण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणे, नातेवाइकांकडून पाच-पाच तारे देववणे, शेजारच्या दुकानाला एक तारा देऊन खाली पाडणे, हे प्रकार सर्रास चालतात. ‘सगळेच करतात’ असे म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. वजनाच्या काट्याखाली बोट लावणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. हेही काट्याखालचे बोटच आहे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावे, तपासावे आणि प्रसिद्ध करावे याविषयी भारतीय मानक ब्युरोने आय. एस. १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही तो लागू शकतो. मात्र ज्याने शिफारशीपूर्वी योग्य ती खातरजमा केली असेल, त्याला सूट आहे. ही सूट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खातरजमा करून बोलणाऱ्याला कायदा जपतो.

कोणी वाईट अभिप्राय दिला तर काय करावे? रागाच्या भरात लगेच उत्तर देऊ नये. तक्रार खरी असेल तर सर्वांसमोर तशी कबुली द्यावी, माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावे, आणि तेवढे लिहून थांबावे. तक्रार खोटी असेल तर आपली बाजू एकदा, सभ्य शब्दांत आणि तारीख-बिलासह मांडावी. अनोळखी वाचक पुष्कळदा तक्रारीपेक्षा तिचे उत्तर अधिक बारकाईने वाचतो.

८. शिफारस करणाऱ्यांसाठी

हा भाग आपल्या सर्वांना, विशेषतः पाळक, पंच आणि शिक्षक यांना लागू आहे. शिफारसपत्र मागायला आलेल्याला नाही म्हणणे जड जाते. मग आपण लिहितो : ‘अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व गुणी.’ हेच तीन शब्द दहा जणांसाठी. आता लिंक्डइनवर एका बोटाने दुसऱ्याच्या कौशल्याला दुजोरा देता येतो, आणि त्याचे काम न पाहताच आपण तो देऊन टाकतो.

पौलाची रीत पाहा. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो फिबीची शिफारस करतो, तेव्हा ती कोठल्या मंडळीची सेविका आहे आणि तिने पुष्कळांना व खुद्द त्यालाही साहाय्य केले आहे, हे नेमके सांगतो. फिलेमोनाला अनेसिमाविषयी लिहिताना तर तो आणखी पुढे जातो. या माणसाकडे तुझे काही येणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे, आणि ते तो स्वतःच्या हाताने लिहितो. शाहजोग हुंडीला उभा राहणारा पतवाला व्यापारी हेच करीत असे. दुसऱ्याच्या नावाखाली तो आपले नाव ठेवी.

याचा अर्थ शिफारस करूच नये असा नाही. ज्याचा काल घसरला आहे आणि आज जो सरळ काम करू पाहतो, त्याला तर आपल्या शब्दाची सर्वांत अधिक गरज आहे. अनेसिम तसाच होता. पौलाने त्याचा मागचा हिशेब लपवला नाही. तो आपल्या अंगावर घेतला. आपणही पाहिले तेवढेच लिहावे, पण त्यासाठी आधी नीट पाहावे. ‘तीन वर्षे आमच्या शाळेचा हिशेब याने ठेवला, एकदाही पावती हरवली नाही,’ या एका वाक्याने तरुणाला नोकरी मिळण्याचा संभव अधिक. असे वाक्य लिहायला आपण त्याच्या कामाजवळ असले पाहिजे. आपल्या मंडळीतील किती तरुणांविषयी असे एक वाक्य आपण आज खात्रीने लिहू शकू?

शिक्षकांसाठी

वर्गात दोन पारदर्शक बरण्या आणा. एकीत तूरडाळ वरपासून खालपर्यंत निवडलेली असू द्या. दुसरीत तळाशी खडे मिसळलेली डाळ, त्यावर स्वच्छ डाळीचा थर, आणि बाहेरून खालच्या भागाला कागद गुंडाळा. मुलांना वरून पाहून बरणी निवडू द्या. मग लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत घालून डाळ बाहेर काढा. फार बोलण्याची गरज पडणार नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाने आपल्या कामाविषयी तीन वाक्ये लिहावी, आणि शेजाऱ्याने प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कसे पडताळता येईल?’ असा प्रश्न लिहावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. पत आणि प्रसिद्धी यांत फरक काय? दोन्ही एकाच माणसाजवळ असू शकतात काय?

२. मित्राने आपल्या नव्या दुकानासाठी, तेथून काहीही न घेता, पाच तारे मागितले तर आपण काय उत्तर द्याल? मैत्री आणि खरेपणा दोन्ही राखून ते कसे देता येईल?

३. आपल्या मंडळीत ज्यांचे काम चांगले आहे, पण नाव कोणाला ठाऊक नाही, अशा दोन व्यक्ती कोण? त्यांच्यासाठी या महिन्यात आपण काय करू शकतो?

४. आपले नाव आजच मोबाईलवर शोधून पाहा. जे दिसते ते आपल्या रोजच्या कामाशी जुळते काय? न जुळल्यास काय बदलावे, वानगी की पोते?